खाली मुद्रकाचं नाव नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

छोट्या व्यावसायिकांनी काळाप्रमाणे बदललं पाहिजे, असा उपदेश करणारी दोन-तीन पत्रं गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकात वाचली. लिहिणाऱ्यांपैकी कुणी दुकानाचं शटर उघडलेलं दिसत नाही. उघडलं असतं, तर 'संधी' हा शब्द एका पत्रात सहा वेळा आला नसता.

मी बार्शीत छापखाना चालवतो. वडिलांनी १९७४ साली एका ट्रेडल मशीनवर सुरू केला. तेव्हा अक्षरं जुळवणारे दोन कंपोझिटर, एक मशीनमन आणि एक पोऱ्या होता. आता मी, माझी पत्नी आणि दुपारी कॉलेज करून येणारा एक मुलगा. आम्ही बदललो नाही असं कुणी म्हणू नये. १९९८ मध्ये कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला, मराठी टायपिंगचं श्रीलिपी सॉफ्टवेअर शिकलो. २००३ मध्ये पुण्याहून जुनं मिनी ऑफसेट मशीन आणलं. मग झेरॉक्स, लॅमिनेशन, रबरी शिक्के, फ्लेक्सची डिझाइनं. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, भंगारात किलोवर गेले तेव्हा वडील दिवसभर घराबाहेरच बसून होते. मला मात्र फारसं वाईट वाटलं नव्हतं. खिळ्यांच्या केससमोर उभं राहून पाय सुजायचे, बोटं काळी व्हायची, आणि ती काळी बोटं घेऊनच आम्ही भाकरी खायचो. जुनं ते सगळं सोनं, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. 'ळ'चे दहा-बारा खिळे तेवढे ड्रॉवरमध्ये ठेवलेत, का ते विचारू नका.

मशीन बदलतं, ते शिकता येतं. शिकता येत नाही अशी एक गोष्ट, खाली कुणाचंच नाव नसलेला हुकूम, गेल्या आठ-दहा वर्षांत धंद्यात शिरली आहे, तिच्याविषयी लिहायचं आहे. पण आधी लग्नपत्रिकेबद्दल सांगतो, कारण आमचं पोट तिच्यावर.

पत्रिका छापायला माणूस एकटा कधी येत नसे. मुलीचे वडील, चुलते, एखादा शिकलेला भाचा आणि सगळ्यांत महत्त्वाच्या म्हणजे आत्याबाई. कच्चा मजकूर वहीच्या पानावर. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'पासून खाली 'आपले नम्र'पर्यंत. खरी लढाई त्या खालच्या नावांची. थोरल्या चुलत्यांचं नाव आधी की नोकरीवर मोठा असलेल्या धाकट्याचं? जाऊबाई बोलत नाहीत, मग त्यांच्या मुलाचं नाव घालायचं की नाही? कै. कुणाच्या मागे लावायचं राहिलं? एका पत्रिकेत मी हयात आजोबांच्या मागे 'कै.' छापलं होतं, १९९१ साली. पाचशे पत्रिका पुन्हा छापून दिल्या, आणि आजोबांच्या पाया पडून आलो. आजोबा म्हणाले, "आयुष्य वाढलं बघ माझं." पुढे नऊ वर्षं जगले. त्यांच्या तेराव्याची कार्डं आम्हीच छापली.

छापून झाल्या की पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लागायचं आणि पहिली पत्रिका भगवंताच्या देवळात जायची. भगवंत म्हणजे आमच्या बार्शीचं ग्रामदैवत. मग घरोघर. हजार पत्रिका म्हणजे हजार उंबरे. आता शंभर-दीडशे छापतात. देवाला, मानाच्या लोकांना आणि अल्बममध्ये ठेवायला. बाकीच्यांना मोबाइलवर पीडीएफ नाहीतर गाणं लावलेला व्हिडिओ. ती पीडीएफही आमच्याकडूनच हवी आणि फुकट हवी. "काका, फाइल तर तुमच्याकडं हायच की." पाकिटांचा, पोस्टाचा, वाटपाच्या पेट्रोलचा खर्च वाचतो, हे मलाही समजतं. माझ्या पुतणीच्या लग्नात आम्हीही दोनशेच छापल्या. छापखाना घरचा असून.

पण पत्रिका वाचणारा माणूस मधून गेला, त्याचं काय? आता नवरा मुलगा स्वतःच फाइल पाठवतो. कधी मोबाइलमधल्या ॲपवर केलेली, कधी त्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतलेली. सोबत निरोप : 'फक्त प्रिंट मारा.' मोर सुंदर, कमळं सुंदर, आणि मधे गणपतीखाली देवनागरीसारखी दिसणारी, पण कोणत्याच भाषेत नसलेली ओळ. 'चि. सौ. कां.'मधला अनुस्वार हमखास गळालेला. मागच्या महिन्यात एक फाइल आली, तारीख रविवारची आणि वार छापलाय सोमवार. मी फोन केला. पोरगा म्हणाला, "अंकल, डिझाइनमध्ये काही बदलू नका, फायनल आहे." मी म्हटलं, "बाळा, डिझाइन राहू दे, पाव्हणे सोमवारी येतील." मग बदललं. त्या फोनचे पैसे कुठल्या बिलात लावायचे, हे मला अजून जमलेलं नाही.

करोनाचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांनीच भोगलं. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, तेव्हा एप्रिल-मेच्या लग्नांच्या अकरा पार्ट्यांच्या पत्रिका छापून बांधून तयार होत्या. न्यायला कुणी आलं नाही, पैसे मागायला माझी जीभ रेटली नाही. पुढच्या वर्षी, २०२१ च्या एप्रिलात, सरकारने लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास ठरवून दिले. पंचवीस माणसांना पत्रिका कशाला लागते? त्यांना नुसती हाक मारली तरी पुरे. ते गठ्ठे अजून माळ्यावर आहेत. पाठकोऱ्या बाजूवर मी प्रूफं काढतो. परवा एक गिऱ्हाईक आपलं प्रूफ उलटं करून बघत बसलं आणि म्हणालं, "हे तर माझ्या साडूचं लग्न!" साडूला दोन मुलं आहेत आता.

लग्नसराईनंतर छापखान्याचं दुसरं पीक निवडणुकीचं. बाहेरच्यांना वाटतं, विधानसभा-लोकसभा म्हणजे आमची चांदी. तसं नाही. त्यांचा कागद पुण्या-मुंबईहून ट्रकने छापून येतो. आमची निवडणूक म्हणजे नगरपालिका, झेडपी, पंचायत समिती. प्रत्येक गल्लीत उमेदवार, प्रत्येकाचं वेगळं पत्रक, वेगळी स्लिप. २०१६ च्या अखेरीस नगरपालिकेची निवडणूक झाली. ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीनंतर लगेचच. उमेदवार आगाऊ रक्कम म्हणून जुन्या पाचशेच्या नोटांची पुडकी काढून दाखवत होते आणि म्हणत होते, "घे रे, तुला बदलून मिळतील." मी काही घेतल्या, खोटं कशाला बोलू, आणि बँकेच्या रांगेत तीन दिवस उभा राहिलो. त्या निवडणुकीनंतर पाच वर्षांनी पुढची यायला हवी होती. ती आलीच नाही. आरक्षण, कोर्ट, प्रभागरचना, तारखांवर तारखा. नगरपालिकेत प्रशासक. लोकशाहीचं काय व्हायचं ते मोठ्या लोकांनी लिहिलं आहे. एका छापखान्याचं काय झालं ते मी लिहितो. चार वर्षं एक आख्खं पीक बुडालं, आणि त्याची नुकसानभरपाई मागायला सातबारा लागतो. मधे २०२४ च्या जुलैत लाडक्या बहिणींच्या अर्जांनी आणि झेरॉक्सनी महिनाभर हात दिला, ते बहिणींचे उपकार.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट वाचकांना सांगतो, पुढे तिचं काम आहे. निवडणुकीच्या पत्रकावर खाली बारीक अक्षरात मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावा लागतो. विधानसभा-लोकसभेसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्यात, १९५१ च्या, कलम १२७ अ तसं सांगतं; गावच्या निवडणुकांतही रीत तीच. प्रकाशकाकडून लेखी घ्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या घ्यायच्या, प्रत वर पाठवायची. नाही केलं तर शिक्षा आहे. वडिलांना कलम माहीत नव्हतं, पण रीत ठाऊक होती. एका सोसायटीच्या निवडणुकीत रात्री दहाला एक जण निनावी पत्रक छापायला घेऊन आला, तिप्पट पैसे टेबलावर ठेवले. वडिलांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "खाली तुझं नाव टाक, नाहीतर माझं टाकू दे. दोन्ही नको असतील तर कागद कोरा ने." तो कोराच घेऊन गेला. मी तेव्हा सातवीत होतो, कागद मोजत बसलो होतो.

जीएसटीबद्दल सगळ्यांनी बोलून झालंय, मी एकच सांगतो. १ जुलै २०१७ ला तो आला तेव्हा सुरुवातीला आमची दिवाळी झाली, कारण गावातल्या प्रत्येक दुकानदाराला नंबर घातलेली नवी बिलबुकं हवी होती. तीन महिने रात्रपाळी केली. मग तीच मंडळी कॉम्प्युटरवर बिलं काढायला लागली आणि बिलबुक संपलं ते संपलंच. त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारी खुलासा आला की, गिऱ्हाइकाने मजकूर दिला आणि आपल्या कागदावर पत्रक छापलं तर ती सेवा, आणि गिऱ्हाइकाचं नाव घालून पाकीट छापलं तर तो माल. आमच्या सीएंनी मला हे दोनदा समजावलं. पत्रिका आणि तिचं पाकीट एकाच गिऱ्हाइकाला एकाच पिशवीत देताना मी सेवा देतो की माल, असा विचार आजही मनात येतो. आणि गेल्या सप्टेंबरात दर बदलले तेव्हा पोरांच्या वह्यांवरचा कर शून्य झाला, फार चांगलं झालं. मी छपाईला वापरतो तो कागद मात्र १२ वरून १८ टक्क्यांत गेला. पेपरांत पहिल्या पानावर वह्या होत्या.

उधारीचंही तसंच. शिक्षणसंस्था, कारखाने, पतसंस्था यांची बिलं मार्चमध्ये निघणार, हे आम्ही धरूनच चालायचो. मग कायदा आला की, नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी फार तर पंचेचाळीस दिवसांत द्यायचे, नाहीतर ती रक्कम देणाऱ्याला ज्या वर्षी प्रत्यक्ष देईल त्याच वर्षीच्या खर्चात धरता येणार. हेतू चांगला, मी मनापासून टाळी वाजवली. माझ्याकडे त्या नोंदणीचं, 'उद्यम'चं, प्रमाणपत्र आहे, लॅमिनेट करून भिंतीवर लावलंय. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या अकाउंटंटने ते बघितलं आणि हळूच विचारलं, "हे काढून टाकता येतं का हो?" मी हसलो. पुढच्या वर्षीच्या हजेरीपत्रकांची ऑर्डर दुसरीकडे गेली. ज्याच्या भिंतीवर काही लावलेलं नाही, तिकडे.

आता मूळ गोष्ट.

गेल्या डिसेंबरात अखेर नगरपालिकेची निवडणूक झाली. नऊ वर्षांनी. उमेदवारांचा अर्धा खर्च रील बनवणाऱ्या पोरांकडे गेला, तरीही पत्रकं, स्लिपा, अहवाल असं बऱ्यापैकी काम आलं. कागद भरायचा होता. सोलापूरच्या कागदवाल्यांना पैसे पाठवायला फोन उघडला, तर व्यवहार होईना. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. बँकेत गेलो. तिथला साहेब माझ्या मुलाच्या वयाचा, वागायला चांगला. म्हणाला, "काका, तुमचं खातं फ्रीझ झालंय. सिस्टिममध्ये दिसतंय."

"कुणी केलं?"

"वरून आलंय."

"वरून म्हणजे कुठून?"

त्याने एक कागद छापून दिला. दुसऱ्या एका राज्यातल्या सायबर पोलिसांकडे आलेली तक्रार, एक लांबलचक क्रमांक, आणि रक्कम रुपये १,८५०. खाली एक ओळ : हा कागद संगणकावर तयार झाला असल्याने सहीची आवश्यकता नाही.

मी तो कागद सवयीने उलटा करून पाहिला. नाव नाही, हुद्दा नाही, फोन नाही. पन्नास वर्षं आमच्या घराने खाली नाव नसलेलं पत्रक छापलं नाही, आणि माझ्या हातात निनावी पत्रक, तेही बँकेच्या प्रिंटरवरून निघालेलं.

झालं होतं असं. ऑक्टोबरात एका तरुणाने तीनशे व्हिजिटिंग कार्डं छापून नेली आणि काउंटरवरचा कोड स्कॅन करून १,८५० रुपये दिले. त्याच्या खात्यात जे पैसे आले होते ते आणखी कुणाकडून, त्याच्याकडे आणखी कुणाकडून, आणि साखळीच्या टोकाला कुणाला तरी फसवलेलं होतं. त्या फसलेल्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, बरोबर केलं. पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले, तिथपर्यंत पोलीस आले. त्याला त्याचे पैसे मिळायलाच पाहिजेत. माझे १,८५० घ्या, कार्डं मी छापून दिलीत तरी घ्या. पण खात्यात एक लाख बेचाळीस हजार होते, आणि अडकले ते सगळे.

कुणाला सांगायचं? बँक म्हणाली, पोलिसांना ईमेल करा. केला. मग दुसरा केला. पोच नाही. इथल्या पोलीस ठाण्यात गेलो, ते म्हणाले, आमच्याकडे गुन्हाच नाही, आम्ही काय करणार. हेल्पलाइनला फोन लावला, तिथली मुलगी सौजन्याने बोलली, पण तक्रार करणाऱ्यांसाठी तो नंबर आहे, तक्रारीत सापडलेल्यांसाठी नाही. सगळे चांगलेच वागले, हे मुद्दाम लिहितो. एकानेही मला हाकललं नाही. फक्त हे मी केलं किंवा हे मी सोडवतो, असं म्हणणारा माणूस त्या सव्वीस दिवसांत मला भेटला नाही.

काउंटरवरचा बोलका डबा मात्र चालू होता. खात्यातून पैसे काढायला बंदी होती, यायला नव्हती. कुणी झेरॉक्सचे बारा रुपये दिले की डबा मराठीत खणखणीत सांगायचा, बारा रुपये मिळाले. मला ते ऐकून चिडच यायची. उंदराच्या पिंजऱ्यात आत जायची वाट असते, तसं. चौथ्या दिवशी पत्नीने डब्याची वायर काढली आणि पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून लावलं : 'रोख द्यावे.' गावात बोलणं सुरू झालं की, यांच्यावर इन्कम टॅक्सची धाड पडली. गेल्या वर्षी कर्नाटकात भाजीवाल्यांना, चहावाल्यांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हा तिकडच्या दुकानांवर असेच पुठ्ठे लागले होते. तो व्हिडिओ लोकांनी पाहिला होता. आमचा पुठ्ठा त्यात बसला.

कागदवाल्या शेठजींना मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "किती रीम?" संध्याकाळच्या एसटीने कागद आला. बिलावर त्यांनी पेनने 'सावकाश' लिहिलं होतं. तीस वर्षांच्या व्यवहारात मी त्यांना फार तर चार वेळा भेटलोय.

सव्वीस दिवसांनी खातं सुरू झालं. का सुरू झालं, कुणी केलं, तेही कळलं नाही. माझ्या कोणत्या ईमेलमुळे, की आपोआप? साहेबाने हसून सांगितलं, "वरून निघालं."

डिजिटल पैशांवर माझा राग नाही. आगाऊ रक्कम जागेवर मिळते, सुट्ट्यांची कटकट गेली, 'उद्या देतो' म्हणणारे कमी झाले. डब्याची वायर आम्ही पुन्हा जोडली आहे. ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे माझं मागणं अगदी छोटं आहे. तक्रारीतली रक्कम तेवढीच अडवा, दुकान अडवू नका. आणि ज्या कागदाने माझा गल्ला बंद होतो, त्या कागदाखाली एका माणसाचं नाव, हुद्दा आणि उचलला जाणारा फोन नंबर छापा. जमलं तर मराठीत. शंभर प्रती वाटणाऱ्या वॉर्डातल्या उमेदवाराला जो नियम लागतो, तोच. जागा कमी पडत असेल तर सहा पॉइंटच्या बारीक टायपातही बसतं, मी बसवून देतो.

आपला,
एक मुद्रक,
बार्शी, जि. सोलापूर

ता. क. : पत्र छापल्यास माझं नाव घालू नये, ही विनंती. बँकेचं काम रोजचं आहे, आणि त्या तक्रारीचा क्रमांक अजून बंद झालेला नाही. वडील असते तर त्यांनी हे पत्र छापायला घेतलं नसतं, याची मला कल्पना आहे.